विमान आणि डिझाइन, दोन्ही

ग्राफिक्स कार्ड मी निवडणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं. लॅपटॉपमधलं हे कार्ड नंतर बदलता येत नाही. चुकलो असतो तर आर्किटेक्चरला असलेली माझी मुलगी ज्ञानदा पाच वर्षं रखडत बसली असती. तिला घरांचे आराखडे करायचे होते. मला मात्र विमान उडवायचं होतं, स्क्रीनवर का होईना! विमा कंपनीच्या बदलीवर साताऱ्याहून जयपूरला आल्यापासून ही हौस मी दाबून ठेवली होती.

वैशाली नगरातल्या दुकानात मी माझ्या सातारी हिंदीत म्हणालो, "भैया, हवाई जहाज और डिझाइन, दोनों का काम है."

विक्रेता उठून उभाच राहिला. मी विमानं डिझाइन करतो, असा त्याचा समज झाला. खुर्ची आली, चहा आला, आतून मालक चंदनजी आले. ज्ञानदा कानात कुजबुजली, "बाबा, सांगा ना त्यांना." पण इतका मान मला ऑफिसात कधी मिळाला नव्हता. मी चहा प्यायलो.

चंदनजींनी सगळ्यात दणकट कार्डाचा लॅपटॉप काढून भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. ज्ञानदाचं चार मजली घर त्यावर लोण्यासारखं फिरलं. मग विमान उडवायचा सिम्युलेटर लावून मला आग्रह झाला.

मी जयपूरहून उड्डाण केलं आणि खरं सांगतो, अख्खं दुकान टीव्हीसमोर गोळा झालं. खाली नाहरगडची तटबंदी, पलीकडे उन्हात चमकणारं जलमहालाचं पाणी. एका ढगाची सावली गुलाबी गच्च्यांवरून सावकाश सरकत गेली. ज्या शहरात मी रोज हॉर्न खात स्कूटर हाकतो, ते एवढं देखणं होतं? ज्ञानदाने नकळत माझा दंड धरला.

उतरवायचं कसं, हे मात्र मी वाचलं नव्हतं. धावपट्टी एकदा डावीकडून गेली, एकदा उजवीकडून. शेवटी विमान नाक खाली करून थेट जलमहालाच्या तळ्यात! पाणी इतकं खरं उडालं की मागच्या बाईंनी पदर सावरला.

लॅपटॉप तोच घेतला. चंदनजी दारापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "सर, आपका वाला जहाज कौनसी कंपनी उड़ाती है? गुरुवार को माताजी पुणे जा रही हैं."

मी विमा कंपनीत असतो, हे मी सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटून जयपूरच्या गोविंददेवजींचे आभार मानले.