इंगाबाईंचा पुढचा दात

भाषणाला जेमतेम दोन तास उरले असताना डॉक्टर इंगा लिंडक्विस्ट यांनी फ्रीझरमधली, रूबार्बच्या आंबट देठांची दगडासारखी वडी चावली, आणि पुढच्या दाताचा कोपरा वडीतच राहिला.

"अरे देवा! ऑर्विल! आज तीनशे डेंटिस्ट माझ्या तोंडाकडे बघणार आहेत रे!"

नवराही डेंटिस्टच आणि दवाखाना घराखाली. ऑर्विलने तिला खुर्चीत बसवलं, फिलिंग चिकटवणारा एका बाटलीतला नवा बॉन्ड लावला, निळ्या दिव्याने पक्का केला. नेमकी तिथेच दिव्याने मान टाकली. आता बोला! मग त्याने ड्रॉवरच्या तळातून जुनं, दोन डब्यांतलं कालवायचं, दिव्याशिवाय आपोआप घट्ट होणारं फिलिंग काढलं आणि भरून टाकलं.

"कशाने भरलंस?"

"अगं, चांगल्याने! चल, उशीर होतोय."

डुलुथच्या सभागृहात इंगाबाईंचा विषय होता, कुठल्या बॉन्डवर कुठलं फिलिंग चालतं.

"हा एका बाटलीतला बॉन्ड आंबट," त्या गरजल्या. "आपोआप घट्ट होणारं फिलिंग याच्यावर भरलंत, तर दोघांचं जन्मात पटायचं नाही. ते पडणार म्हणजे प..."

टण्! फिलिंग पाण्याच्या ग्लासवर आपटलं.

इंगाबाईंची वीस वर्षांची अब्रू त्या ग्लासाशी पडली होती. पहिल्या रांगेतला ऑर्विल खुर्चीखाली काहीतरी शोधू लागला.

तेवढ्यात एक म्हातारे डॉक्टर उठले. "स्वतःच्या दातावर प्रात्यक्षिक! काय छाती आहे बाईची!"

टाळ्या थांबेनात.

गाडीत बसल्यावर मात्र बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मी जन्मभर जगाला शिकवतेय, आणि तू माझ्याच दातात तेच भरलंस?"

"अगं, दिवा बंद पडला..."

"गप्प बस! बिस्मार्क शहरातल्या डेंटिस्टांनी बोलावलंय. हेच प्रात्यक्षिक हवंय त्यांना. मी हो म्हणाले."

"काय?"

"मग काय, नवऱ्याची चूक होती म्हणून सांगू? आता पुन्हा तस्संच भरायचं."

"मुद्दाम वाईट काम? मी?"

"चुकून जमलं ना? मग मुद्दामही जमेल."

पुढच्या महिन्यात, बिस्मार्कला, पाचशे डेंटिस्टांसमोर इंगाबाई गरजल्या, "ते पडणार म्हणजे पडणारच!"

आणि थांबल्या. काहीच पडलं नाही. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. जिभेने ढकललं. शेवटी सगळ्यांदेखत दोन बोटांनी धरून ओढलं. ढिम्म!

बोटं तोंडात तशीच ठेवून त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. ऑर्विलचे कान लालबुंद झाले होते.

"मुद्दाम वाईट भरायला हात धजेना गं," तो उठून म्हणाला. "मी नवा दिवा आणला."