बावीस पांढरी लुगडी

सलग तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी बायकांच्या कपड्यांवर संदेश दिला, तेव्हा पुढच्या सतरंजीवर बसलेल्या सुंदरबाईंनी डोळे मिटून घेतले. प्रार्थनेसाठी नव्हे. डोळे उघडे राहिले असते तर तोंडही उघडलं असतं, आणि चर्चमध्ये बायकांनी तोंड उघडू नये हा संदेश या तिन्हींच्या आधीच्या रविवारी होऊन गेला होता.

तेलगाव सोडून सिरसाळ्याकडे निघालं की रस्त्यापासून आत बावीस घरांची ही ख्रिस्ती वस्ती लागते. विहीर दिवाळीलाच आटली होती. टँकर यायचा तो मोठ्या गावात, दोन किलोमीटरवर. सुंदरबाई महिला दूध संस्थेच्या चेअरमन आणि चर्चच्या महिला मंडळाच्याही. वस्तीला वेगळा टँकर द्या, असा अर्ज त्यांनी चार महिन्यांपूर्वी मंडळ अधिकारी कल्याणरावांकडे दिला होता, आणि तो कल्याणरावांच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली होता. त्या तांब्यात मात्र पाणी असायचं.

अशा दिवसांत नगरकडून आलेले तरुण पाळकसाहेब सांगत होते की स्त्रीनं गुंफलेले केस, सोनं, मोती आणि भारी वस्त्रं यांनी नटू नये. वस्तीत मोती एकच होता, तो त्रिंबकचा कुत्रा. भारी वस्त्र म्हणावं तर लग्नातली साडी, तिलाही उंदरांनी आधीच मर्यादा घातलेली.

उपासना संपल्यावर सुंदरबाईंनी साहेबांना अंगणात गाठलं.

"साहेब, पौलानं हे पत्र कुणाला लिवलं?"

"तीमथ्याला. इफिसच्या मंडळीसाठी."

"तितं पानी होतं का?"

"मुद्दा तो नाही, सुंदरबाई. लोकांचं लक्ष कपड्यावर गेलं की आतलं माणूस दिसत नाही. स्त्रीची शोभा सत्कर्मांनी."

हे सुंदरबाईंना पटायचं, आणि तीच तर पंचाईत होती. त्यांच्या आईनंही हेच शिकवलं होतं, दोन लुगड्यांवर जन्म काढून. फक्त हा उपदेश ज्यांच्याकडे नटायला काही आहे त्यांना करावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण वस्तीनं तो फारच मनावर घेतला. तुळजाबाईनं बांगड्या उतरवल्या. ते बघून सरूबाईनं मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं. भिमाबाईनं केस विंचरणंच सोडलं आणि आपल्याइतकं साधं कुणी नाही हे ती घरोघर जाऊन सांगू लागली. मग साडीच्या काठांवरून भांडणं लागली. चर्चच्या पंचकमिटीनं निर्णय दिला की दोन बोटं काठ चालेल, चार बोटं काठ म्हणजे गर्व. कुणाची बोटं, यावर कमिटी फुटली.

"सगळ्याजणी पांढरं नेसा अन् मोकळ्या व्हा," सुंदरबाई वैतागून म्हणाल्या. त्या चिडून बोलल्या होत्या. कमिटीनं तो ठराव म्हणून लिहून घेतला आणि एकमतानं पास केला.

अंमलबजावणी अर्थातच चेअरमनबाईंच्या गळ्यात पडली. सहकारी ग्राहक भांडारात गुरुलिंगअप्पा गल्ल्यावर होते. पांढऱ्या साड्यांचा गठ्ठा तिथं वर्षानुवर्षं पडून असतो, कारण आपल्याकडे पांढरी साडी हौसेनं कुणी नेत नाही.

"किती?"

"बावीस."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. "बावीस? एकदमच?"

"एकदमच. कमिटीत ठरलं."

अप्पा खाली बसले. सुंदरबाईंना उन्हातून परत जायचं होतं, म्हशीची धार काढायची होती, समजावून सांगत बसायला त्यांच्या अंगात त्राण नव्हतं. त्यांनी गठ्ठा उचलला. अप्पांनी दुखवट्याचं कापड देतात तसा तो कागदात न बांधताच दिला होता, आणि संध्याकाळी त्यांनी कल्याणरावांना जाऊन सांगितलं की वस्तीवर काहीतरी भयंकर झालंय, बावीस घरांत एकही बाप्या उरला नाही.

पुढच्या रविवारी कल्याणराव स्वतः जीप घेऊन आले. सुंदरबाई तेव्हा दूध संस्थेत कॅन चढवत होत्या. पुरुषमंडळी चर्चमध्ये ब्लाउजच्या बाह्यांची लांबी ठरवत बसली होती, दार लावून. बाहेर लिंबाखाली एकवीस बायका, पांढरी साडी, डोक्यावर पदर, हात उघडे, गळे उघडे, आणि चर्चचं आवार असल्यामुळे सगळ्या गप्प.

"मालक कुठं हायत तुमचे?" कल्याणरावांनी हळूच विचारलं.

सरूबाईनं उपदेशाप्रमाणे न बोलता चर्चकडे बोट दाखवलं. चर्च बसकं, त्यामुळे बोट थेट छपरावरच्या क्रुसावर आणि त्याच्यामागच्या आभाळावर गेलं. कल्याणरावांनी चष्मा काढून पुसला. एकवीस विधवा डोळ्यांनी पाहून आणि बावीसावी अप्पांच्या शब्दावर धरून त्यांनी तिथंच बॉनेटवर अहवाल लिहिला. मंगळवारी टँकर आला.

वस्तीनं देवाचे उपकार मानले. बुधवारी सुंदरबाईंचे मालक जालिंदर रेशनला गेले आणि पोतं रिकामंच घेऊन परतले.

"माजं नाव काटलंय. मयत हाय म्हनं मी."

"मग?"

"मग काय," म्हणून जालिंदर बाजेवर आडवे झाले. मेलेल्या माणसानं म्हशीला कडबा तोडायचं काही कारण त्यांना दिसेना.

गुरुवारपर्यंत बावीसही पुरुष यादीतून गेल्याचं कळलं, पाळकसाहेबांसकट. साहेब ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "खोट्यावर आलेलं पाणी आपण पिणार नाही." त्यांच्या हातात तेव्हा त्याच पाण्याचा पेला होता, तो त्यांनी खाली ठेवला. सुंदरबाईंचंही मत तेच होतं. खरं सांगायचं आणि पाणी मागायचं. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज दिला, आणि शुक्रवारी तालुक्याच्या मोठ्या मॅडम पडताळणीला येणार असल्याचा निरोप आला.

आता नवरे जिवंत आहेत हे दाखवायचं तर बायकांनी रंगीत नेसायला हवं, बांगड्या भरायला हव्यात. बायका बिचकल्या. मग पाळकसाहेबांनीच तोडगा काढला.

"एस्तेर राणी राजापुढं नटूनच गेली होती. शास्त्राला आधार आहे."

"हे तीन रविवार कुटं होतं, साहेब?" सुंदरबाईंनी विचारलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

शुक्रवारी वस्ती हिरवी-पिवळी-लाल झाली. बायकांनी आपापले नवरे दंडाला धरून उभे केले होते. मॅडमनी उभे होते तेवढे मोजले आणि प्रत्येकापुढे 'हयात' अशी खूण केली. मग त्यांनी नियम सांगितला. पन्नासाच्या आत घरं असतील तर वेगळा टँकर देता येत नाही. निराधार बाई असेल तरच विशेष बाब म्हणून देता येतो. शिवाय एवढ्या नटलेल्या वस्तीत टंचाई दिसतही नाही.

सुंदरबाईंच्या डोक्यात रक्त चढलं. पांढरं नेसलं तर नवरे मेले, रंगीत नेसलं तर पाणी गेलं.

"मॅडम, लुगड्याकडं नका बघू. हंड्यात बघा," त्या म्हणाल्या, आणि दारातला हंडा उचलून त्यांनी मॅडमपुढे आडवा धरला.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी खरंच वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "फॉर्मात हंड्याचा रकाना नाही हो, मावशी."

त्या जीपकडे वळल्या, आणि वळताना रांगेच्या शेवटी त्यांना सुवार्ताबाई दिसल्या. पाळकसाहेबांची बायको. पांढरी साडी, उघडे हात, डोक्यावर पदर, मान खाली. साहेबांनी उपदेश सगळ्या वस्तीसमोर मागे घेतला होता, फक्त घरी सांगायचं राहून गेलं होतं. स्वतः साहेब त्या वेळी रस्त्यावर मॅडमच्या ड्रायव्हरला एस्तेर राणीची गोष्ट सांगत होते. मॅडमनी सुवार्ताबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांना काही विचारलं नाही, आणि फॉर्मावर काहीतरी लिहिलं.

सोमवारी पत्र आलं. एकवीस पुरुष पुन्हा जिवंत. निराधार महिला एक, सबब टँकर पावसाळ्यापर्यंत मंजूर.

पाळकसाहेब तडक कल्याणरावांकडे गेले. सुंदरबाई सोबत होत्या.

"मी जिवंत आहे," साहेब म्हणाले.

"दिसायलंय की. मी कुटं न्हाई म्हनतो?" कल्याणरावांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवला. "तेवढं लिहून द्या. उद्यापासून टँकर बंद करतो."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. सुंदरबाई साहेबांकडे बघत राहिल्या, आणि बाहेर ऊन अकरालाच पांढरंफट पडलं होतं. दहा मिनिटांनी साहेबांनी टोपण पुन्हा लावलं आणि म्हणाले की अक्षर नीट येत नाहीये, पावसाळ्यात येऊन लिहून देतो.

त्यानंतरच्या रविवारी उपासना रंगात आली होती. विषय क्षमेचा होता, कपड्यांचा नव्हता. इतक्यात वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. पाळकसाहेब वाक्याच्या मध्यात व्यासपीठाच्या मागे खाली बसले. उघड्या दारातून ड्रायव्हरला दिसू नये म्हणून सुवार्ताबाईंनी पुढे होऊन सोबत आणलेली आपली पांढरी साडी त्यांच्या डोक्यावरून घातली.

बायका हंडे घेऊन उठल्या. दारात सुंदरबाई क्षणभर थांबल्या.

"उपदेश चालू ठेवा, साहेब," त्या म्हणाल्या. "पन आवाज कमी करा. बाईमानसाचा वाटायला पायजे."