पिवळ्या टोपीची समजूत

सहलीला निघताना मास्तरांनी आपल्या मनाने एवढंच ठरवलं, की सुई-दोरा खिशात असू द्यावा. बाकी सगळं बायकोनेच ठरवलं होतं. पुढे जे झालं ते मात्र या सुई-दोऱ्यामुळे झालं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. (शाळेशी त्यांचा संबंध गणवेश शिवण्यापुरता.) सारा जन्म एका खोलीत मशीनसमोर मान खाली घालून गेला. त्या खोलीत कापडं बेतायच्या टेबलामागच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. तारखा कधीच्या फाटून गेल्या, चित्र तेवढं राहिलं. उंच डोंगर, आणि त्यांच्यामध्ये जमीन चिरत गेल्यासारखी खोल दरी. काजं करता करता मास्तरीणबाई त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "अहो, हे एकदा तुमच्या शेजारी उभं राहून बघायचंय हं मला." मास्तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत "हूं" म्हणायचे. टाचण्या तोंडात असल्या की माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही, हा या धंद्यातला मोठाच फायदा आहे.

तर शेवटी ती सहल ठरली. बस, ड्रायव्हर, चुणचुणीत गाईड मुलगी आणि त्यांच्यासारखीच पिकली पानं. हरवू नये म्हणून गाईडने प्रत्येकाला एक भडक पिवळी टोपी दिली. गाडी सुटताना ती पुढे उभी राहून टोप्या मोजायची. डोकी मोजत नव्हती, टोप्या मोजत होती. हे लक्षात ठेवा.

गाडी उंच घाटात शिरली. हवा विरळ झाली, सगळ्यांचे कान बंद झाले. पहिल्याच थांब्यावर समोर तीच, कॅलेंडरातली दरी! मास्तरीणबाई कठड्यापाशी धावल्या. मास्तर मात्र बाकावर बसून एका डॉक्टरीणबाईंच्या जॅकेटची चेन दुरुस्त करत होते.

"अहो, या ना!"

"आलो. एवढा टाका घालतो."

"अहो, ढग यायला लागलेत!"

"चेन मधेच सोडता येत नाही गं."

तिसऱ्या हाकेपर्यंत ढग आले आणि दरी भरून गेली. मास्तरीणबाई परत आल्या त्या तोंड एवढंसं करून. "इतकी वर्षं वाट बघितली. आता नका बघू. आणि माझ्याशी बोलूही नका."

आता खरी गोष्ट सांगतो. चेन केव्हाच दुरुस्त झाली होती. मास्तर तीच तीच चेन वरखाली करत होते, कारण उंचावरून खाली बघायला ते घाबरत. स्टुलावर चढून बल्ब बदलतानाही त्यांचे पाय लटपटत. पण एवढ्या वर्षांच्या संसारात हे बायकोला सांगायचं राहून गेलं. (बल्ब बायकोच बदलायची.)

पुढच्या थांब्यावर, दरीकाठच्या एका चहाच्या टपरीपाशी, मास्तरीणबाई एक शब्द न बोलता उतरल्या. ऊन होतं, म्हणून शाल सीटच्या पाठीला टेकून तशीच राहिली. टोपीही राहिली, कारण तिची शिवण सकाळीच उसवली होती. मास्तरांना वाटलं, टोपी शिवून द्यावी, जरा राग उतरेल. हात थरथरत होते, म्हणून टोपी बायकोच्या सीटच्या पाठीला वरच्या बाजूला टेकवली आणि नेटाने टाके घातले. मग चक्कर आल्यासारखं झालं म्हणून ओला रुमाल डोळ्यांवर टाकून ते मागे रेलले.

गाईडने टोप्या मोजल्या. भरल्या. गाडी सुटली.

वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला दरी. मास्तरांनी रुमाल काढलाच नाही. शेवटी ते हळूच शेजारी वळून कुजबुजले. म्हणजे त्यांना ते कुजबुजणं वाटलं. कान बंद असल्यामुळे ते ड्रायव्हरपर्यंत खणखणीत पोचत होतं.

"अगं, ऐक. मी चेन शिवत नव्हतो. मी घाबरलो होतो. खोल बघितलं की माझ्या पायांत जीव राहत नाही. ते कॅलेंडर मी उलटं टांगायचं म्हणत होतो, आठवतं? तू हसली होतीस. मी गंमत करत नव्हतो. पण तुझ्या शेजारी उभं राहायचं होतं गं मला. बोल ना काहीतरी. शिव्या दे हवं तर."

शेजारून उत्तर आलं नाही. मास्तरांना वाटलं, आपले कान बंद आहेत. मग आणखी मोठ्याने कुजबुजले, "पुन्हा एकदा ने मला. हात धर फक्त."

डॉक्टरीणबाई नाक पुसत होत्या. गाईड मुलीला राहवेना, ती उठून आली. "काकू, आता तरी बोला की काकांशी!" म्हणत तिने शालीवर हात ठेवला. शाल घसरून खाली आली. टोपी वर तशीच ताठ.

"काकू!" गाईड किंचाळली. "काका, काकू कुठेत?"

मास्तरांनी रुमाल काढला. टोपी ओढून बघितली, निघेना. कव्हरासकट शिवली होती. माझा टाका कापड फाटलं तरी सुटणार नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत आले होते, ते आज खरं ठरलं.

रस्ता अरुंद, गाडी वळवायला जागा मिळेपर्यंत मास्तर मांडीवर शाल घेऊन बसले होते. थंडी वाढत चालली होती. त्यांनी डोळे मिटले नाहीत. दरी खिडकीतून दिसत होती, पण त्यांना एका बाईपलीकडे काही दिसत नव्हतं.

मास्तरीणबाई टपरीवाल्याच्या बाईचं घोंगडं पांघरून कठड्यापाशी बसल्या होत्या. मास्तर गाडी थांबायच्या आत दाराशी.

"कुठे गेली होतीस?"

"मी? मी इथेच आहे. तुम्ही गेला होतात."

मास्तरांनी शाल तिच्या खांद्यावर घातली, दंड घट्ट धरला आणि कठड्याशी उभे राहिले. ढग निघून गेले होते. तिरप्या उन्हात सगळी दरी तांबूस झाली होती. पाय लटपटत होते, तरी त्यांनी तळापर्यंत बघितलं.

"काय दिसतंय?" बाईंनी हळूच विचारलं.

"केवढं उसवलंय!" ते म्हणाले. "आणि तरी बरं दिसतंय."

बाई हसल्या. पण राग काही अजून पूर्ण गेला नव्हता. गाडीत बसताना डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. गाईडने या खेपेला एकेका डोक्याला हात लावून मोजलं. गाडी सुटली, आणि मास्तरीणबाई न निघणाऱ्या टोपीखाली मान टेकवून डोळे मिटून बसल्या.

मास्तरांनी धीर एकवटला. मघाचंच सगळं पुन्हा सांगितलं. अडखळत, खाकरत, मधलं कॅलेंडर विसरून. सांगून झालं आणि ते घाम पुसत थांबले.

बाईंनी डोळे न उघडताच म्हटलं, "टोपीशी जास्त चांगलं बोलला होतात म्हणे."