मास्तरांचा पट्टा

ऑपरेशनच्या जखमेपेक्षा मास्तरांना पट्ट्याची शिवण जास्त छळत होती.

मास्तर म्हणजे कोपऱ्यावरच्या टेलरिंगच्या दुकानाचे मालक. जन्मभर टेबलावर वाकून लोकांचे कोट कापले आणि त्याचं बक्षीस म्हणून पाठीनं असा काही असहकार पुकारला की, शेवटी शेवटी पँटचं माप घ्यायला मास्तर खाली बसले तर त्यांना उठवायला अख्खं दुकान धावायचं. शेक झाले, लेप झाले, ओळखीच्या प्रत्येकानं सुचवलेली उशी झाली. पाठदुखी सांगितली की समोरचा माणूस ताबडतोब डॉक्टर होतो, तेही सगळे डॉक्टर होऊन झाले. अखेर खऱ्या डॉक्टरांनी मणक्याचं ऑपरेशन केलं. ते चांगलं झालं. घरी सोडताना सर्जननी कमरेचा एक जाडजूड पट्टा दिला आणि बजावलं, "बसताना, उठताना, उभं राहताना हा पाहिजे म्हणजे पाहिजे. काढायचा तो फक्त आडवं झाल्यावर. पुढच्या तपासणीला फोटो काढू. हाडं जुळली असली, तर दुकानात जायला मोकळे."

मास्तरांनी पट्टा उलटा करून बघितला आणि ते हबकलेच. टाके लांबलचक, कडा वाकड्या, आतल्या पोलादी सळ्यांच्या खोळी तर कुणीतरी डोळे मिटून शिवल्यासारख्या. एक सळी बरगडीत घुसत होती आणि दुसरी भलत्याच ठिकाणी.

"अगं, हा पट्टा आहे की पोतं?" ते बायकोला म्हणाले.

"अहो, तो बरं व्हायला दिलाय. मिरवायला नाही."

"माझ्या दुकानात कुणी असा टाका घातला असता, तर त्याला मी उंबऱ्याबाहेर काढला असता!"

"माहितीये. आता गप पडून राहा."

मास्तर पडून राहिले, पण गप राहणं त्यांना जमणारं नव्हतं. एके दुपारी बायको बाजारात गेली. मास्तर बिछान्यावर कुशीला वळले, पट्टा सोडला, गादीखाली दडवलेली कात्री, दोरा आणि सुई काढली आणि आजारपणात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. टोचणाऱ्या सळ्या त्यांनी सरळ उपसून काढल्या. त्यांच्या जागी कॉलरमध्ये घालतात तशा मऊ प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवल्या, कमरेत दोन्हीकडून बेताचं आत घेतलं आणि कडेला बारीक, एकसारखी टीप हातानं घातली. शेवटची गाठ मारून दोरा तोडतायत तोच दाराच्या कुलपात किल्ली फिरली. मास्तरांनी हाताला लागेल ते गादीखाली ढकललं, पट्टा आवळला आणि कण्हायला सुरुवात केली.

पट्टा आता असा बसला की वरून सदरा घातला तर कुणाला पत्ता लागू नये. फक्त दोनचार दिवसांनी उठताबसताना पाठीत काहीतरी टोचायला लागलं. मास्तरांनी ते बायकोला सांगितलं आणि बायको म्हणाली, "आतून भरून येत असेल." तिथे तो विषय संपला.

तपासणीच्या दिवशी गाडी घेऊन मेहुणा आला. हा मेहुणा स्वभावानं प्रेमळ, पण कुठल्याही दवाखान्यात, बँकेत किंवा हॉटेलात एकदा तरी आवाज चढवल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. मास्तरांना हाताला धरून त्यानं एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेलं.

एक्स-रेवाला म्हणाला, "पट्टा काढा."

"मुळीच नाही!" बायको मध्ये पडली. "उभं असताना काढायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"अहो बाई, फोटोत सळ्या येतील."

"येऊ देत. सळ्या कुठल्या आणि हाडं कुठली, एवढं कळतंच की डॉक्टरांना."

फोटोत सळ्या येणार नाहीत, हे फक्त मास्तरांना माहीत होतं. ते छताकडे बघत राहिले. मेहुण्यानं आवाज चढवण्यासाठी श्वास घेतला, तो एक्स-रेवाल्यानं बघितला आणि फोटो पट्ट्यासकट निघाला.

सर्जन त्यांच्या खोलीत ताठ बसलेले होते. बाहेरच्या रांगेत सगळे वाकलेले आणि आत हा एक माणूस असा सरळ की जणू खुर्चीला पाठच नाही. पांढरा कोट मात्र कमरेत ताणला जात होता. पोट तर नाही, मग कोट ओढतो का, असा प्रश्न मास्तरांच्या मनात आला, कारण माणसाकडे बघायची त्यांची पद्धतच तशी होती. सर्जननी हसत हसत फोटो उजेडासमोर लावला.

हसू तिथंच थिजलं.

मणक्यांच्या बाजूला एक पांढरी, सरळ, टोकदार रेघ होती. दुसऱ्या टोकाला बारीकसं भोक. सळ्या कुठेच नाहीत, म्हणजे फोटो पट्टा काढूनच निघालाय, असं सर्जन धरून चालले होते.

"ही... ही काय आहे?" सर्जन पुटपुटले.

"सुई आहे," मेहुणा म्हणाला. "नेढंसुद्धा दिसतंय."

सिस्टरनं तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी टेबलाची कड धरली.

"पण आमच्या सुया अर्धगोल असतात," सर्जन म्हणाले. आवाज त्यांचा राहिला नव्हता.

"आत जाऊन सरळ झाली असेल!" मेहुण्याला अखेर संधी सापडली. त्यानं टेबलावर मूठ आपटली, तसं सर्जनचं पेन घरंगळत खाली पडलं. सर्जननी त्याच्याकडे बघितलं, पण ते वाकले नाहीत. सिस्टरनं ते उचलून दिलं.

"मास्तर," सर्जननी विचारलं, "पाठीत टोचतं का कधी?"

"टोचतं म्हणजे काय!" बायकोला रडू फुटलं. "उठताना टोचतं, बसताना टोचतं! आणि मी मेली म्हणत होते, भरून येतंय!"

"भावजी, तुमचा धंदा आहे, तुम्ही बघा," मेहुणा म्हणाला. "ही सुई कसली?"

मास्तर फोटोजवळ गेले. फोटोतली रेघ जाडजूड दिसत होती. "आमच्यातली नव्हे," ते ठामपणे म्हणाले. "आमची सुई एवढी जाड नसते. ही यांचीच." आणि मग भीतीनं गोठलेल्या मास्तरांना अचानक संताप चढला. "डॉक्टर, मी साधा शिंपी. पण माझ्या दुकानात जेवायला उठायच्या आधी प्रत्येक कारागीर आपली सुई उशीत टोचून मला दाखवतो. दाखवल्याशिवाय घास नाही! गिऱ्हाइकाच्या कपड्यात सुई राहिली, तर शिवणाऱ्यानं पुन्हा सुईला हात लावू नये. आणि तुम्ही तर गिऱ्हाइकातच ठेवलीत!"

सर्जन मान खाली घालून ऐकत होते. खाली म्हणजे फक्त मान, बाकी ताठच. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. कसं झालं, कळत नाही. सिस्टर, थिएटर तयार करा. वर मशीनखाली नीट बघू आणि लागलं तर आत्ताच उघडून काढू."

"आत्ता? पुन्हा?" मास्तरांचा संताप विरघळून गेला. पुन्हा ते चिरणं, पुन्हा ते छताकडे बघत पडणं. तिकडे दुकानात मोठा कारागीर त्यांच्या मागे कोट कापत होता आणि परवाच्या कोटाची एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली होती, हे त्यांच्या कानावर आलं होतं. असेच आणखी काही आठवडे गेले, तर दुकानाचं नाव धुळीला मिळालं असतं. "मला काही होणार नाही ना हो?" त्यांनी विचारलं. सर्जन फोटो घेऊन थिएटरकडे निघालेसुद्धा, आणि मास्तरांची पाचावर धारण बसली.

त्यांना स्ट्रेचरवर कुशीला निजवून लिफ्टपाशी नेलं. लिफ्ट येईना. मास्तर भिंतीकडे बघत पडले. असं कुशीला वळून आपण शेवटचं कधी पडलो होतो? त्या दुपारी. पट्टा शिवताना. किल्ली वाजली. मग आपण गादीखाली कात्री ढकलली. दोरा ढकलला. आणि सुई?

सुई हातातून सोडायची झाली की ती कॉलरला टोचायची, ही मास्तरांची जन्माची सवय. कॉलर नसली, तर हाताला लागेल त्या कापडाला. त्या दुपारी अंगात बनियन होतं. आणि हाताला लागेल ते कापड म्हणजे...

पट्टा! ज्या माणसाला आपण आत्ता चार लोकांत धुऊन काढलं, त्याला आता काय म्हणायचं? सांगितलं तर अब्रू जाते. नाही सांगितलं तर पाठ जाते. त्यांनी एक मधला मार्ग शोधला आणि हळूच हात मागे नेऊन पट्ट्यात बोटं घातली.

"काका, हात मागे न्यायचा नाही!" सिस्टर ओरडली. "सुई सरकली तर?"

"सिस्टर, जरा हा पट्टा काढता का?"

"पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. सरांनी सांगितलंय, जरासुद्धा हलवायचं नाही."

मास्तर कुजबुजले, "सिस्टर, ती सुई पाठीत नाही. पट्ट्यात आहे. माझीच आहे."

सिस्टरनं त्यांच्या कपाळावरून मायेनं हात फिरवला. "आत जाताना सगळे असंच काहीतरी बोलतात, काका. काल एकजण म्हणत होते, ही पाठ माझी नाहीच."

"अहो, खरंच माझी आहे!"

"हो, हो. तुमचीच." असं म्हणून तिनं त्यांचे दोन्ही हात स्ट्रेचरच्या पट्ट्यात अडकवून टाकले. तेवढ्यात लिफ्ट आली. मेहुणा बाजूनं धावत म्हणत होता, "भावजी, काळजी करू नका! या दवाखान्याला मी कुलूप लावायला लावतो!" बायको डोळे पुसत होती. वर थिएटरच्या दारात हिरव्या कपड्यांतले लोक उभे होते, आणि कुणीतरी इंजेक्शन भरत होतं. ते इंजेक्शन बघितलं मात्र, मास्तरांची अब्रूची चिंता कुठल्या कुठे पळाली.

"डॉक्टर!" त्यांनी अशी आरोळी ठोकली की लिफ्टवालासुद्धा परत फिरला. "मी पट्टा शिवलाय! सळ्या काढल्या! सुई मीच विसरलो! माझ्यात सुई नाही, मी सुईत... म्हणजे पट्ट्यात बघा आधी!"

सगळे जागच्या जागी खिळले. सर्जन पुढे आले. त्यांनी पट्ट्याच्या मागच्या बाजूवरून सावकाश बोटं फिरवली आणि एकदम "आई गं!" करून हात झटकला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. मग त्यांनी पट्ट्याच्या पदरात चिमटा घातला आणि सुई बाहेर काढली. फोटोतली जाडजूड सुई प्रत्यक्षात अगदी किडमिडीत होती.

मेहुण्याचं तोंड उघडं राहिलं आणि पहिल्यांदाच त्यातून आवाज निघाला नाही. बायकोनं आधी देवाला हात जोडले आणि मग नवऱ्याकडे असं बघितलं की मास्तरांना वाटलं, ऑपरेशनच परवडलं असतं.

"अहो," ती म्हणाली, "कपड्यात सुई राहिली, तर शिवणाऱ्यानं पुन्हा सुईला हात लावू नये, असं कुणीतरी म्हणत होतं मघाशी."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

पट्टा काढून पुन्हा फोटो निघाला. सर्जननी सगळ्यांना बाहेर बसवलं, मास्तरांना एकट्याला खोलीत घेतलं आणि दार लावलं. आता आपलं काही खरं नाही, हे मास्तरांनी ओळखलं.

"डॉक्टर, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो. चुकलो."

सर्जन फोटोकडे बघत होते. "तुम्ही सळ्या कधी काढल्यात?"

"दोनेक आठवडे झाले."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही नुसतं कापड बांधून फिरताय?" सर्जन थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. "नशीब बलवत्तर तुमचं. हाडं जुळलीत. दुकानात जा, पण थोडा थोडा वेळ. वाकायचं नाही. टेबल उंच करून घ्या. आणि पुन्हा असला उद्योग केलात तर मी उपचार करणार नाही."

"नाही करणार. शपथ."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते जायला उठले, पण सर्जन हलले नाहीत. त्यांनी मास्तरांचा पट्टा हातात घेतला होता आणि ते त्याची कड बोटानं चाचपत होते. ती बारीक, एकसारखी टीप. कमरेतला तो बेताचा घेर.

"टोचत नाही हा?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"सुई सोडून काहीच टोचत नव्हतं."

सर्जननी दाराला कडी लावलेली आहे ना, ते बघितलं. मग पांढऱ्या कोटाची बटणं एकेक करून सोडली. आत, सदऱ्यावर, तस्साच जाडजूड पट्टा होता. तेच लांबलचक टाके, त्याच वाकड्या कडा. मास्तर आ वासून बघत राहिले.

"जन्मभर टेबलावर वाकून लोकांच्या पाठी शिवल्या," सर्जन म्हणाले. "एक सळी बरगडीत घुसते आणि दुसरी भलत्याच ठिकाणी. कुणाला सांगायची सोय नाही. पाठीच्या डॉक्टरचीच पाठ दुखते म्हटल्यावर इथे येईल कोण?"

मास्तरांनी जवळ जाऊन पट्ट्याची कड दोन बोटांत धरली, खोळी बघितल्या, घेर बघितला. कोट कमरेत का ओढतो, तेही कळलं. "द्या काढून," ते म्हणाले. "सळ्या ठेवू, जागा बदलू. परवा मिळेल."

सर्जननी पट्टा सोडून त्यांच्या हातात दिला आणि टेबलाला धरून ते सावकाश, कण्हत खुर्चीत बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "शिवून झाला की घरी पाठवू नका. आधी इथे आणा आणि त्याचा एक्स-रे काढून घ्या."