व्याह्याच्या बरगड्या

निरोप बुधवारी सकाळी आला आणि त्याच दिवशी दुपारी रानडुक्कर पडलं. भावसिंगला ही दोन्ही कामं एकाच देवाची वाटली.

निरोप व्याह्यांचा होता. कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यातले धर्मसिंग, म्हणजे भावसिंगच्या मिराचे सासरे, गुरुवारी गोरेगावच्या बाजारात बैल पाहायला येणार होते. "दुपारी तुमच्या दारावर येईन, पाणी पिऊन पुढं निघंन," एवढंच त्यांनी सांगून पाठवलं होतं. जेवायचं नाव नव्हतं. पण दोन वर्षांत ते या तांड्यावर फिरकले नव्हते आणि दोन दिवाळ्या मिराही माहेरी आली नव्हती. त्यामुळं पाण्याचा निरोपसुद्धा भावसिंगनं बायकोला तीनदा म्हणून दाखवला.

दुराव्याला कारण एक दात झाला होता. मिराच्या लग्नात भावसिंगनं रानडुकराच्या बरगड्या भाजल्या होत्या. जनावर म्हातारं होतं आणि विस्तव घाईचा. बरगड्या बाहेरून काळ्या पडल्या, आतून चामड्यासारख्या राहिल्या. पंगतीत धर्मसिंगांनी एक बरगडी पुढच्या दातांनी ओढली आणि दात तिच्यातच राहिला. तेवढ्यावर भागलं असतं. पण धर्मसिंग ती बरगडी डोळ्यांसमोर धरून आपल्या दाताकडं बघत बसले आणि ते पाहून भावसिंगला हसू आलं. मुलीचा बाप हसला म्हणून पंगत हसली. धर्मसिंगांनी हात धुतले, दात पागोट्याच्या टोकाला बांधला आणि सून घेऊन ते निघून गेले.

"तुमी हसलात काहून?" रूपाबाई तेव्हापासून विचारत आली होती.

"मला बी ठाऊक न्हाई," भावसिंग दर वेळी सांगायचा, आणि ते खरं होतं.

डुक्कर पडलं ते उकंडरावांच्या ज्वारीत. उकंडराव तांड्याला लागून मळा असलेला शेतकरी. माघातली ज्वारी दाण्यात आलेली, आणि डुकरांनी चार रात्रींत तिचा एक पट्टा पार लोळवला होता. तांड्यातली माणसं कुत्री घेऊन उतरली आणि भावसिंगचा भाला पहिला लागला. ज्याचा भाला पहिला त्याच्या बरगड्या, हा तांड्याचा रिवाज. दोन्ही बाजूंच्या बरगड्या खांद्यावर टाकून तो घरी आला तेव्हा त्याचा विचार पक्का झाला होता.

"व्याही जेवून जातील," तो म्हणाला. "असं वशाट भाजतो की दातच लावायला नको."

रूपाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या चुलीवर मांस, कसलंच वशाट, चढत नव्हतं. ज्याला खायचं असेल त्यानं अंगणात तीन दगड मांडावेत आणि आपलं आपण शिजवावं, असा घराचा शिरस्ता होता. "पुन्हा बरगड्याच?" ती म्हणाली. "कोंबडं कापा की."

"बरगडीनं तुटलं ते बरगडीनंच जुळंल."

"जुळंल न्हाईतर दुसरा दात जाईल," रूपाबाई म्हणाली आणि ज्वारी दळायला बसली.

बरगड्या रात्रभर थंडीत कडुलिंबाच्या फांदीला टांगून ठेवल्या. गुरुवारी उजाडताच भावसिंग उकंडरावांच्या मळ्यात गेला. वशाट मऊ कशानं होतं हे त्याला माहीत नव्हतं, पण उकंडराव पूर्वी हिंगोलीच्या छावणीत एका खानसाम्याच्या हाताखाली राहिलेले होते. जनावरांच्या औषधापासून पुलावापर्यंत कुठलीही गोष्ट ते त्या खानसाम्याच्या नावावर सांगत.

"कच्ची पपई," उकंडराव म्हणाले. "सालीसकट वाटायची न् चोळायची. पण लिंबाएवढीच बरं का. जास्त झाली तर वशाट राहत न्हाई."

"मग काय राहतं?"

"ते खानसाम्यानं सांगितलं न्हाई."

त्यांनी झाडाची एक हिरवी पपई तोडून दिली. भावसिंगनं तिच्यातला लिंबाएवढा तुकडा पाट्यावर वाटला, त्यात मीठ, मिरची आणि लसूण घातला आणि आयुष्यात कुणाच्या अंगाला लावलं नसेल इतक्या मायेनं बरगड्यांना चोळलं. मोठ्या पातेल्यात त्या रचल्या, वर परात झाकली आणि उरलेली पपई शेजारी ठेवून तो बाभळीची लाकडं आणायला रानात गेला.

तो गेल्यावर त्याची थोरली बहीण भिकाबाई अंगणात आली. तिचा नवरा वारल्यापासून ती भावाकडंच राहायची. भाऊ विसराळू आहे हे तिला तो पाळण्यात होता तेव्हापासून ठाऊक होतं. तिनं परात उचलली, खाली मिरची दिसली. शेजारी कापलेली पपई पडलेली दिसली. विसरलाच की हा, असं म्हणून तिनं अर्धी पपई वाटली आणि चोळली. भावाला बोलून दाखवलं तर तो ओशाळेल, म्हणून गप्प राहायचं ठरवलं. थंडीत पपई काम करायची नाही असंही तिला वाटलं आणि तिनं पातेलं ओढून उन्हात ठेवलं.

दुपारी भावसिंग लाकडं टाकून तांड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. व्याही दिसेनात. मधल्या वेळात उकंडराव कुंपणाशी आले. घरात फक्त जात्याचा आवाज होता. त्यांनी अंगणात शिरून परात उचलली; पपई मुरून गेलेली, वर काहीच दिसेना. आपण सकाळी जास्तच भीती घातली, हा गडी दोन बोटं लावून मोकळा झाला असणार, असं त्यांना वाटलं. आज त्यांच्या सल्ल्याचीही अब्रू होती. ते मळ्यातून दुसरी पपई घेऊन आले, ती दगडावर ठेचली आणि आख्खीच्या आख्खी बरगड्यांवर ओतून, परात झाकून, पावलं न वाजवता निघून गेले.

धर्मसिंगांचा बैलाचा सौदा लांबला. ते आले तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगात कोट, डोक्याला पागोटं, तोंड मिटलेलं. रूपाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ते पाणी प्याले आणि उठायच्या बेतात आले.

"व्याही," भावसिंग म्हणाला, "निखारे पडलेत. घडीभर बसा."

"काय हाय?"

भावसिंगला खोटं बोलता आलं नाही. "बरगड्या."

धर्मसिंगांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "बसतो," ते म्हणाले.

अंगणाच्या कडेला खड्ड्यात बाभळीचे निखारे लालभडक झाले होते. त्यांच्यावर ओल्या काठ्यांची ताटी होती. भावसिंगनं परात बाजूला केली आणि एक बरगडी उचलली. हाड हातात आलं, वशाट पातेल्यात राहिलं. त्यानं दुसरी उचलली. तीही तशीच, धुतल्यासारखी पांढरी. तिसऱ्या वेळी त्यानं दोन्ही हातांत धरून बरगड्यांची अख्खी फळी हळूच ताटीवर ठेवली. क्षणभर ती तिथं राहिली. मग काठ्यांच्या फटींतून वशाट शांतपणे खाली गेलं आणि निखाऱ्यांवर चर्र झालं. ताटीवर नुसती हाडं उरली.

"भिकाबाई," भावसिंग हलक्या आवाजात म्हणाला. "याला काय झालं?"

भिकाबाई वाकून बघत होती. "मी तर अर्धीच घातली."

"काय अर्धी?"

"पपई. तू विसरला होतास ना."

"मी विसरलो नव्हतो."

कुंपणापलीकडं उकंडराव उभे होते. पाहुणे आल्याचं कळल्यावर आपल्या सल्ल्याचं फळ बघायला ते आले होते. भावसिंगनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी नजर ज्वारीकडं वळवली.

"तुमी बी?"

"आख्खी," उकंडराव म्हणाले. "लहानच होती तशी."

रागवायला वेळ नव्हता. पातेल्यात अजून अर्धाअधिक ऐवज होता, त्याला वशाट म्हणा की लापशी. भावसिंगनं पातेलंच निखाऱ्यावर ठेवलं, आणखी मिरची टाकली, कांदा टाकला आणि ढवळत बसला. ढवळायचीही फारशी गरज नव्हती. पण बरगड्या सांगितल्या होत्या आणि ताटात बरगड्या दिसायला हव्या होत्या. तो उपाय भिकाबाईनं काढला. तिनं हाडं ताटात ओळीनं मांडली आणि कूड लिंपावा तसा तो शिजलेला गोळा बोटांनी एकेका हाडावर बसवला. लिंपणात तिचा हात चांगला होता.

ताट धर्मसिंगांसमोर आलं. बाजूला ज्वारीच्या दोन भाकरी होत्या. रूपाबाई दारात येऊन उभी राहिली. उकंडराव कुंपण सोडून गेले नव्हते.

धर्मसिंगांनी ताटाकडं पाहिलं. मग मनाचा हिय्या करून एक बरगडी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले, मान वाकडी केली, आणि जिकडचे दात शाबूत होते त्या बाजूनं ओढली. लिंपण सगळं ताटात पडलं. त्यांच्या हातात कोरडं हाड राहिलं आणि दातांवर दात आपटले. त्यांनी डोळे उघडले. ते हाड डोळ्यांसमोर धरून ते त्याच्याकडं बघत राहिले.

आधी त्यांचे खांदे हलले. मग ते हसायला लागले. तोंडातली ती मोकळी खिडकी उघडी पडली तरी त्यांनी हात लावला नाही. कुंपणावर उकंडराव हसले, भिकाबाई पदर तोंडात घालून हसली, आणि भावसिंगच्या कानापर्यंत रक्त चढलं. पहाटेपासून तो राबत होता. बोटांची मिरचीनं आग होत होती. उठून निघून जावं असं त्याच्या मनात आलं, पण घर त्याचंच होतं. दारात रूपाबाई उभी होती आणि ती हसत नव्हती. तो बसून राहिला.

धर्मसिंगांनी डोळे पुसले. "राग आला?"

"आला."

"लई?"

"लई."

"बरं झालं," धर्मसिंग म्हणाले. त्यांनी भाकरी मोडली आणि तो गोळा भाकरीवर घेऊन खाऊ लागले. दोन घास गेल्यावर म्हणाले, "दाताचं काई न्हाई, व्याही. तो आधीच हालत होता. लग्नाच्या आधी महिनाभर त्यानं माझी झोप घालवली होती."

"मग दोन वर्सं?"

"तुमी हसलात."

भावसिंगनं मान खाली घातली. काहून हसलो ते त्याला याही वेळी सांगता आलं नाही. "चुकलं," तो म्हणाला.

"व्हय," धर्मसिंग म्हणाले आणि ताट पुढं केलं. "आणिक वाढा. चव लई बराबर आलीय."

त्यांनी पातेलं पुसून खाल्लं. निघताना ते रूपाबाईला म्हणाले, "ताई, आठ दिवसांत पोरीला धाडतो. शिमगा करूनच येऊ द्या तिला." रूपाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, पण भांडी घासायची नव्हती.

मिरा सातव्या दिवशी आली. पहिले दोन दिवस ती आणि तिची याडी रूपाबाई बोलतच होत्या, मग चार दिवस ती नुसती झोपली. फाल्गुन लागता लागता तांड्यानं आणखी एक डुक्कर पाडलं आणि या वेळीही बरगड्या भावसिंगच्या वाट्याला आल्या. त्यानं मळ्यातून पपई आणली. आता त्याला माप ठाऊक झालं होतं. पाट्यावर लिंबाएवढा तुकडा ठेवून तो वरवंटा उचलणार, तेवढ्यात मिरा समोर येऊन बसली.

"बापू, ते नका घालू."

"काहून? तुझ्या सासऱ्यांना लई आवडलं. पातेलं पुसलं त्यांनी."

"म्हून तर," मिरा म्हणाली. "त्यांचा दात गेल्यापासून, बाकीचे बी जातील म्हून, त्या घरात सगळं गिच्च शिजतं. भाजी गिच्च, वरण गिच्च, भाकरी बी दुधात भिजवून. शिजवते मीच, न् मला बी तेच खावं लागतं. दोन वर्सं झाली बापू, मी काई चावलं न्हाई."

भावसिंगनं तुकडा पाट्यावरून उचलला आणि पपई कुंपणापलीकडं टाकून दिली. मीठ आणि मिरची लावून त्यानं बरगड्या तशाच ताटीवर ठेवल्या. त्याला जमत होतं तसंच त्यानं भाजलं, बाहेरून काळं आणि आतून चिवट. मिरानं एक बरगडी दोन्ही हातांत घेतली, मान हिसडून लचका तोडला आणि चावत राहिली. तिचे गाल हलत होते, कानशिलाची शीर हलत होती, आणि कुणी बोललं तर ती हातानंच थांबा म्हणत होती. भावसिंग निखारे सारखे करत तिच्याकडं बघत बसला.

"लई चामट झालं का गं?" त्यानं शेवटी विचारलं.

मिरानं घास गिळला. त्याला बराच वेळ लागला.

"झालं," ती म्हणाली. "आणिक हाय का?"