गबाजीरावांचा रिकामा सिलिंडर

एका जंगलात, मुलांनो, गॅस घरपोच यायचा. अक्कल मात्र ज्याची त्याने जाऊन आणायची होती, आणि तिथे रांग कधीच नसायची.

या जंगलात एक रीत होती. भरलेला सिलिंडर आला की त्याला हळदकुंकू लावायचं, वर फूल ठेवायचं आणि त्याच्या जवळून दबकत जायचं. तोच सिलिंडर संपला की त्याला लाथेने कोपऱ्यात सरकवायचं. मग कुणी त्यावर बसायचं, कुणी ओला टॉवेल वाळत घालायचा.

गबाजी अस्वलाच्या गुहेतला गॅस असाच एका सकाळी संपला. त्याची बायको भामा हिने रेग्युलेटर बंद करून काढला आणि दोरीला लटकणारं टोपण सिलिंडरच्या तोंडावर घट्ट बसवलं. आत पिल्लं झोपलीत, तेव्हा हा बाहेर सावलीत उभा ठेवा, एवढंच तिने नवऱ्याला सांगितलं.

गबाजीला हसू आलं. तो जंगलातला मोठा जाणकार होता. निदान तो तसं सांगायचा.

"अगं, रिकाम्याला कसली भीती? संपला म्हणजे संपला."

"अहो, शेगडी विझली तरी आत थोडा गॅस राहतोच."

बायकोने सांगितलेलं गबाजीला कधी पचलं नाही. त्याने टोपण काढून फेकलं, सिलिंडर आडवा पाडून गदागदा हलवला आणि त्याच्या तोंडात एक काटकी खुपसली. आतून फुस्स असा आवाज आला. काटकी काढली तरी आवाज थांबेना. गुहेत वास पसरला.

भामाने वाद घातला नाही. तिला पिल्लं वाचवायची होती. तिने दोघांना उचललं, ओढ्यापलीकडचं जांभळाचं झाड गाठलं आणि तिथून नवऱ्याला बाहेर या म्हणून हाका मारल्या.

गबाजी आला नाही. सिलिंडर रिकामाच आहे हे सिद्ध करायला त्याने काडेपेटी शोधली.

गुहेचं दार ओढ्यात सापडलं. गबाजी दाराखाली सापडला. जिवंत होता, पण अंगावर एक केस उरला नव्हता.

जंगल हळहळलं. एवढ्या स्फोटातून जो वाचतो त्याला सिलिंडरमधलं किती कळत असेल, असं सगळ्यांचं मत पडलं. त्याला सुरक्षा समितीचा अध्यक्ष केलं आणि जाहीर सत्कार ठेवला. शाल दिली, ती या वेळी खरोखरच उपयोगी पडली. भामाचं नाव कुणी घेतलं नाही. तिला मांडवामागे पाहुण्यांच्या चहाचं बघायला सांगितलं होतं.

प्रमुख पाहुणे हत्ती आबासाहेब उशिरा आले, म्हणून दीपप्रज्वलन शेवटी ठेवलं होतं. खुर्ची त्यांना पेलणार नव्हती. समितीने त्यांच्यासाठी भक्कम बैठक मांडली होती: घरोघरचे रिकामे सिलिंडर आडवे टाकून, वर सतरंजी. टोपण एकालाही नव्हतं.

आबासाहेब बसले. खालून फुस्स झालं. गबाजी काडेपेटी घेऊन समईपाशी गेला.

"अहो, थांबा. वास येतोय," भामा मागून म्हणाली.

"रिकामे आहेत," अध्यक्ष म्हणाले. मांडवात टाळ्या पडल्या.

भामाने चुलीवर पाणी ओतलं, पिल्लं उचलली आणि जांभळाची वाट धरली.

तात्पर्य: मुलांनो, रिकाम्या सिलिंडरला टोपण लावून तो मोकळ्या हवेत उभा ठेवू नये. तसं केल्याने काहीच होत नाही, आणि ज्याच्या घरी काहीच झालं नाही त्याला शाल कोण देणार?