सात नंबर ट्रॅममधली माझी जागा

अकरा वर्षांपूर्वी मी परदेशातल्या एका ट्रॅममध्ये सीटवर रुमाल टाकून जागा धरली होती, आणि मी येऊन बसेपर्यंत काहीही बदलायचं नाही असं त्या शहराने ठरवून टाकलं होतं. मला याची काही कल्पना नव्हती. कुणी कळवलंही नाही. कळवलं असतं तर ती घाई केल्यासारखी झाली असती, आणि पाहुण्याला घाई करायची तिकडे पद्धत नाही.

शहराचं नाव मला अजूनही नीट म्हणता येत नाही, त्यामुळे ते राहू दे. मी, दिगंबर उकिडवे, राहणार इचलकरंजी, तिथे दोन वर्षं यंत्रमागाचं काम शिकायला होतो. परत जायचा योग आला तो मागाच्या सुट्या भागांच्या निमित्ताने. निघताना कुमुदने, म्हणजे आमच्या मंडळींनी, बजावलं, "अहो, पोचल्या पोचल्या कसं वाटलं ते सांगा. मागच्या खेपेला दोन वर्षांत तुम्ही फक्त जेवणाबद्दल लिहिलंत."

म्हणून मी स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं ते मुद्दाम डोळे उघडे ठेवून. आणि काय सांगू, सगळं जिथल्या तिथे. घड्याळाचा चाराचा आकडा निखळलेला होता, तो तसाच. कोपऱ्यावरच्या पाववालीच्या पाटीचं एक अक्षर तुटलेलं, तेही तसंच. भिंतीवर एका सर्कशीची जाहिरात होती. ती सर्कस मी असतानाच गाव सोडून गेली होती, पण हत्ती अजून भिंतीवर सोंड वर करून उभा होता. नदीवरचा पूल अर्धा हिरवा आणि अर्धा करडा होता. मी निघालो त्या दिवशी रंगारी बरोबर मधल्या खांबापर्यंत आले होते.

खरं सांगतो, मला भरून आलं. आमच्याकडे आठ दिवस परगावी जाऊन यावं तर चौकातला चहावाला मोबाईलचं दुकान होऊन बसलेला असतो. इथे मात्र माझं तरुणपण कुणी हातही न लावता जपून ठेवलं होतं. मी तिथूनच कुमुदला फोन लावला.

"काही म्हणजे काही बदललेलं नाही," मी म्हणालो.

"मग गेलात कशाला?" ती म्हणाली. तिचा स्वभावच तसा आहे.

फोन ठेवतोय तोच पाववाली दुकानाबाहेर आली. तिने मला नीट न्याहाळलं, हात पदराला, म्हणजे तिच्या त्या एप्रनला, पुसले आणि म्हणाली, "आलात? बरं झालं. सात नंबर आता येईलच." एवढं बोलून ती पाटीवरच्या तुटक्या अक्षराकडे जरा आशेने बघत राहिली.

सात नंबर आली. जुनी, पिवळी, लाकडी बाकांची. आत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक दांड्यांना लटकले होते, आणि खिडकीजवळची एक सीट मात्र मोकळी होती. तिच्यावर निळ्या चौकटींचा एक रुमाल होता. कडक इस्त्रीचा. मी तो लगेच ओळखला. इचलकरंजीचाच माल होता तो. आणि सीटला पाठ लावून, एका हाताने दांडा धरून, माझी घरमालकीण उभी होती.

तिला मी पहिल्या आठवड्यातच मावशी म्हणायला लागलो होतो. तिला वाटलं, आमच्याकडे हा काहीतरी हुद्दा असणार. तेव्हापासून सगळी गल्ली तिला फ्राऊ, म्हणजे श्रीमती, मावशी म्हणते. आता ती चांगलीच वाकली होती आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला होता.

"दिगू," ती म्हणाली, "वाळलास."

आता रुमालाचं सांगतो. त्या दिवशी मी गाव सोडून निघालो होतो. सामान अवजड, ट्रॅम भरलेली. आपण एसटी स्टँडवर जे करतो तेच मी केलं. गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकला आणि जागा धरली. यात माझं काय चुकलं हे मला कुणी अजून पटवून दिलेलं नाही. दारातून आत शिरलो, तिकीट काढलं आणि बसणार तेवढ्यात लक्षात आलं, पासपोर्ट मावशीच्या स्वयंपाकघरात राहिलाय. चालकाला म्हणालो, "जागा धरलीय. आलोच." खाली उतरलो, पासपोर्ट घेतला, वेळ झाला म्हणून टॅक्सी केली आणि थेट विमानतळ गाठला. रुमाल माझ्या डोक्यातून पार गेला.

त्यांच्या डोक्यातून गेला नाही. चालकाने ट्रॅममध्ये विचारलं, हे कापड काय आहे? तेव्हा मावशी तिथे होती, मला पोचवायला आलेली. तिला ही पद्धत मीच सांगितली होती, जेवताना, जरा रंगवून. ती पुढे होऊन म्हणाली, "त्यांच्या देशात सीटवर रुमाल असला की सीट त्या माणसाची. तो येईपर्यंत कलेक्टरसुद्धा तिथे बसत नाही." लोकांनी माना डोलावल्या. नियम स्पष्ट होता आणि त्या लोकांना स्पष्ट नियम फार आवडतो.

ट्रॅमचा चालक प्लोख आता गाडी थांबवून माझ्यापाशी आला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, टोपी तीच.

"हेर उकिडवे," तो म्हणाला (हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत), "प्रवास सुखाचा झाला?"

"झाला की."

"छान. आपण निघायचं?"

"कुठे?"

"शेवटच्या थांब्यावर. तुमचं तिकीट तिथलं आहे. प्रवासी मुक्कामावर उतरल्याशिवाय फेरी पूर्ण होत नाही, आणि फेरी पूर्ण झाल्याशिवाय चालकाला घरी जाता येत नाही."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही तेव्हापासून घरी गेला नाहीत?"

"अजून फेरी चालू आहे," तो म्हणाला. आवाजात तक्रार कसली ती नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रात्री तो आगारात मागच्या बाकावर झोपत असे. मुलीचं लग्न ट्रॅममध्ये लावलं, दोन थांब्यांच्या मध्ये. सात नंबर बंद करून तिच्या जागी भुयारी गाडी आणायचं ठरलेलं होतं, पण प्रवासी मध्येच असताना मार्ग बंद करता येत नाही. मार्ग बंद होत नाही म्हणून पुलाचं काम पुढे सरकेना. पूल अडला म्हणून रस्ता अडला, रस्ता अडला म्हणून दुकानं अडली. पाववालीला पाटी बदलायची होती, पण नव्या पाटीची उंची नव्या रस्त्यावरून ठरायची होती. सर्कशीच्या हत्तीचं नेमकं काय अडलं होतं ते प्लोखलाही ठाऊक नव्हतं.

मी ज्याला माझं तरुणपण समजत होतो, तो माझा रुमाल होता.

"कुणी नुसता उचलून ठेवला असता तर?" मी विचारलं.

सबंध ट्रॅम माझ्याकडे बघायला लागली. उभ्या एका म्हाताऱ्याने मला समजावलं, "तुम्ही 'आलोच' म्हणाला होतात."

आमच्याकडे आलोच म्हणून गेलेला गवंडी दिवाळीनंतर उगवतो, आणि आपण त्याला चहा देतो. पण हे त्यांना सांगायची ती वेळ नव्हती.

मी सीटकडे वळलो तेव्हा मावशीने माझी बाही ओढली.

"दिगू, बसू नकोस," ती हळू म्हणाली.

"का गं मावशी?"

"भुयारी गाडीचा जिना माझ्या स्वयंपाकघरातून निघणार आहे. फेरी संपली की घर पाडतील. म्हणून तर मी रोज येते. कुणी रुमाल हलवू नये म्हणून इथे उभी राहते. दर शनिवारी इथेच बादली आणून धुते. घरी नेला तर जागा मोकळी राहील ना."

"मग तू आपलाच रुमाल घराच्या खुर्चीवर टाकायचास."

"टाकला होता. भुयारी गाडीवाले म्हणाले, पद्धत तुमची नाही, त्यांची आहे. तुम्ही टाकलात तर तो नुसता कपडा."

एकीकडे प्लोख, एकीकडे मावशी. परदेशात जाऊन माणूस फार तर चुकीच्या गाडीत बसतो. मी बरोबर गाडीत न बसता एवढा घोळ झाला होता. प्लोखला म्हणालो, "एक चक्कर उभ्याने मारतो. जरा गाव बघतो." त्याने गाडी सुरू केली.

मी दांडा धरून, माझ्याच रिकाम्या सीटशेजारी उभा राहिलो. पूल गेला, हिरवा आणि मग करडा. पुढे एक अरुंद गल्ली आली, तिथे प्लोखने वेग कमी केला आणि विनाकारण दोनदा घंटा वाजवली. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत एक बाई आली. तिने झारा हलवला. मग दोरीला बांधलेला डबा अलगद खाली सोडला, आणि प्लोखने चालत्या ट्रॅमच्या खिडकीतून तो सराईतपणे झेलला.

"बायको," तो म्हणाला. "आज बटाटे आहेत. गरम असतानाचे कसे लागतात ते आता आठवत नाही."

मी खाली बसलो. त्यापुढे उभं राहणं मला जमलंच नाही. बसताना रुमाल उचलून खिशात घातला. ट्रॅममधल्या लोकांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, नुसतं घड्याळाकडे पाहिलं. मावशीने तोंड खिडकीकडे फिरवलं. मी तिचा हात धरायला गेलो, तर तिने तो दांड्यावरून काढलाच नाही.

सीट, सांगायचं तर, फार गैरसोयीची होती. फळीचा खिळा वर आलेला.

शेवटच्या थांब्यावर मी उतरलो. प्लोखने ब्रेक ओढला, टोपी काढली, डबा काखेत मारला. मला म्हणाला, "सात नंबरने प्रवास केल्याबद्दल आभारी आहे, हेर उकिडवे." आणि चालत घराकडे निघाला. कोपऱ्यापर्यंत चालत गेला, कोपऱ्यापुढे पळत सुटला.

मी आणि मावशी पायी परत निघालो तोवर पुलावर रंगारी हजर होते आणि करड्या भागाला हिरवा हात देत होते. पाववाली शिडीवर होती. हत्तीची सोंड भिंतीवरून सोलून काढली होती. कुमुदला सांगितलेलं सगळं तासाभरात खोटं पडलं. पण हे कुणाला सांगणार? ज्याने रुमाल उचलला तोच रडत बसला तर लोक काय म्हणतील?

मावशीच्या स्वयंपाकघरात पिवळी हेल्मेटं घातलेले दोघेजण भिंत मोजत होते. सभ्य माणसं होती. बुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आली होती. मावशी ओट्याशी टेकून उभी राहिली. चुलीजवळ माझी खुर्ची होती, जिच्यावर बसून मी दोन वर्षं तिचं ते पांचट सूप प्यालो होतो.

"ही भिंत पहिली," त्यातला एकजण म्हणाला.

मी घराबाहेर आलो. आत असताना ठेवलेला रुमाल ग्राह्य धरतात की नाही, याबद्दल मला शंका होती, आणि मला यात कसलीच फट ठेवायची नव्हती. मागच्या अंगणात गेलो, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो, नेम धरला आणि एसटी स्टँडवर टाकतात तसा रुमाल आत टाकला. तो खुर्चीवर बरोबर मधोमध पडला.

"जागा धरलीय," मी खिडकीतून म्हणालो. "आलोच."

दोघांनी रुमालाकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मग हेल्मेटं काढली.

"साधारण किती वेळ लागेल?" त्यातल्या वयाने मोठ्या माणसाने विचारलं.

"आलोच म्हणालोय ना."

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्यांनी टेप गुंडाळली. जाताना त्यांनी खुर्चीला वळसा घातला.

मावशी खिडकीपाशी आली. डोळे पुसले, मग माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. कॉफी दिली ती खिडकीतूनच. आत ये असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही गेलो नाही. त्या घरात मला आता बसता येणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं. कॉफी मी अंगणात उभ्याने प्यायलो. तिने आग्रहाने दुसरा कप दिला, तोही उभ्यानेच.

घरी आल्यावर धुण्याचे कपडे काढताना कुमुद म्हणाली, "अहो, परत मिळाला म्हणालात तो निळा रुमाल कुठाय?"

"जागेवर आहे," मी म्हणालो.

सुटे भाग आता दर दोन वर्षांनी आणावे लागतात. कारखान्यातले लोक मलाच जा म्हणतात, गाव तुमच्या ओळखीचं आहे म्हणतात. मी पुतण्याला पाठवतो. तो सांगतो की तिकडे आता सगळं काचेचं झालंय, गाड्या जमिनीखालून धावतात आणि एका जुन्या घराला भला मोठा वळसा घालतात. तो जिना कुठून काढला कोण जाणे.

दर शनिवारी मावशीचा फोन येतो. "आज धुतला," ती सांगते. "इस्त्रीही केली. दिगू, येतोयस ना?"

"आलोच," मी म्हणतो.

"सावकाश ये," ती म्हणते.